भोईर सरांची चिंधी

मी कर्जतच्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. वारा येत होता, टेबलाचा पाय डगमगत नव्हता, समोर नदीकडची झाडं दिसत होती. एवढी चांगली जागा जुन्या मंडळींनी नव्या माणसासाठी का सोडली असेल, हा विचार मी तेव्हाच करायला हवा होता. मधल्या सुट्टीत शेजारच्या खुर्चीवर एक काळेसावळे, काटक गृहस्थ येऊन बसले. नाव नाही, गाव नाही, त्यांनी सरळ माझा डावा हात उचलला आणि कोपराच्या आतल्या बाजूला बोटानं टिचकी मारली.

"मुंग्या कुठं आल्या?"

"करंगळीत," मी कळवळून म्हणालो.

"टिचकी कोपराला आणि मुंग्या करंगळीत. का?"

"मला काय माहीत? मी मराठी शिकवतो."

"म्हणजे करंगळी नाही तुम्हाला?" असं म्हणून त्यांनी माझ्यापुढचा चहा आपल्या बशीत ओतून घेतला.

हे काशिनाथ भोईर. शाळेला तेव्हा नुकतीच अकरावी-बारावी जोडली होती आणि जीवशास्त्र त्यांच्याकडे होतं. आधी काही वर्षं ते मुंबईच्या एका कॉलेजात प्रात्यक्षिकं घ्यायचे. तिथली नोकरी सोडून इकडे का आलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही का आलात?" प्रश्नाला प्रश्नानं उत्तर द्यायची ही त्यांची खोड मला पुढं पाच वर्षं सोसावी लागली. वाजले किती विचारलं तरी "कशासाठी?" म्हणायचे. माझं वर्तमानपत्र आधी तेच वाचायचे आणि घडी अशी घालून परत द्यायचे की अग्रलेख शोधायला पत्र जमिनीवर पसरावं लागे. खिशात आवळे. बोलताना आवळा गालात, आणि मुद्दा रंगात आला की आवळ्याची बी माझ्या टेबलावर.

एक मात्र कबूल करायला हवं. हा माणूस डावखुरा होता आणि त्या डाव्या हातानं फळ्यावर जे काढायचा ते पुसायचं धाडस पुढच्या तासाच्या शिक्षकाला होत नसे. माझा तास त्यांच्यानंतर असायचा. बेडकाच्या पोटाच्या कडेकडेनं मी कित्येक दिवस व्याकरण लिहिलं. झुरळाची मज्जारज्जू सोडवताना ते करंगळी ट्रेच्या कडेला टेकवायचे आणि बाकीचा हात तिच्या आधारावर चालवायचे. पोरं श्वास रोखून बघायची. तेवढा वेळ सर गप्प असायचे, म्हणून मीही कधीकधी दारात जाऊन उभा राहत असे.

आता चिंधी. ती सांगितल्याशिवाय भोईर सर कळायचे नाहीत.

त्यांचं गाव खालापूरच्या अंगाला. थोरले भाऊ हरीभाऊ शेती बघायचे आणि म्हशी राखायचे. सकाळच्या पहिल्या एसटीच्या टपावर दुधाचे कॅन चढायचे ते खोपोलीच्या हॉटेलांत उतरायचे. दुपारच्या गाडीनं रिकामे कॅन परत यायचे. उद्या दूध हवं असेल तर हॉटेलवाला कॅनच्या कडीला एक चिंधी बांधायचा. नको असेल तर कडी नुसतीच. गावात बहुतेक प्रत्येक म्हैस कुठल्या ना कुठल्या हॉटेलाच्या नावावर असायची. एखाद्या कॅनला ओळीनं काही दिवस चिंधी आली नाही की ती म्हैस बाजारात जायची. त्यामुळे दुपारची गाडी आली की अख्खा गाव टपाकडे बघत उभा आणि एकमेकांना विचारणं एकच, "चिंधी आली का रं?"

भोईर सरांनी हा प्रश्न गावातून उचलला आणि कर्जतभर फिरवला. हेडमास्तरांची मंजुरी आली का, हे विचारायचं तरी "चिंधी आली का?" माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा तर रोज सकाळी, सर्वांदेखत.

पण त्यांचा सगळा जीव ज्या गोष्टीत होता तीही त्यांनी चिंधीवरच बसवली होती. मला न विचारता ती त्यांनी इतक्या वेळा समजावली की आज मी झोपेतही सांगू शकेन. करंगळीच्या टोकाला काही लागलं की ते ज्या पेशीला कळतं, तिचं घर मानेजवळच्या मणक्याशी असतं. तिथून तिचा एक बारीक तंतू दंडातून, कोपरातून, मनगटातून थेट करंगळीपर्यंत गेलेला असतो.

"चटका बसला तर तो तारेनं कळतो, सामंत. क्षणात. ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच तंतूतून एक बससुद्धा चालते. डुलत डुलत. पेशी घरी जे बनवते ते बसनं टोकाला जातं आणि टोकाकडून उलट्या गाडीनं चिंधी येते. टोकाच्या आसपासचं मांस आणि कातडी तिथं एक पदार्थ देतात. तू हवी आहेस, एवढाच त्याचा अर्थ. तो पेशीपर्यंत पोचला तर पेशी जगते."

"आणि नाही पोचला तर?"

"म्हैस विकतात."

पोटातल्या बाळात अशा पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात आणि ज्यांना चिंधी मिळत नाही त्या निमूट मरून जातात, असं ते सांगायचे. परदेशातल्या प्रयोगवाल्यांनी तो पदार्थ खूण करून टोकाशी टोचला, तर काही तासांनी तो तंतूतून उलटा चालत पेशीत जाऊन बसलेला सापडला. हे सांगताना ते गालातला आवळा चघळायचं विसरायचे. ही बस ओढतं कोण, असं मी एकदा चुकून विचारलं. "ते अजून कुणालाच माहीत नाही!" असं म्हणून त्यांनी आनंदानं माझ्या पाठीत थाप मारली. चहा सदऱ्यावर सांडला.

नुसतं सांगून भागलं असतं तर मी चालवून घेतलं असतं. एकदा त्यांनी अकरावीचा वर्ग शाळेपासून भिसेगावापर्यंत रस्त्यावर अंतराअंतरानं उभा केला. वर्ग म्हणजे तंतू. सुमन नावाची मुलगी शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसली, ती पेशी. तिनं खडूची पेटी पुढं धाडायची, ती हातोहात भिसेगावात जायची आणि तिकडून चिंधी हातोहात परत यायची. घंटेच्या आत चिंधी आली नाही तर पेशी मेली, असा नियम होता. पेटी गेली. भिसेगावातल्या शेवटच्या पोराच्या आत्याकडे नेमकी त्या दिवशी सत्यनारायणाची पूजा होती. तिनं पोराला हाक मारून प्रसादाचा शिरा दिला. पोरानं अलीकडच्याला खूण केली, त्यानं त्याच्या अलीकडच्याला. थोड्या वेळानं रस्त्यावर कुणीच उरलं नाही.

घंटा झाली. हेडमास्तर फेरीवर निघाले तर व्हरांड्यात सुमन बाकावर डोकं टाकून निपचित.

"काय गं, बरं वाटत नाही का?"

"मी मेलेय सर."

"काय?"

"चिंधी नाय आली ना."

हेडमास्तरांचा चेहरा बघून कुणीही माफी मागितली असती. भोईर सर वर्गातून धावत बाहेर आले आणि टाळी वाजवून म्हणाले, "बघा! तिकडं टोकाला शिरा चाललाय आणि पेशी इकडं मेली. टोक सुखात असून भागत नाही, निरोप पोचायला हवा!" त्यांना लेखी समज मिळाली. भर उन्हात भिसेगावात जाऊन पोरं हाकत आणायचं काम कुणाकडे आलं, ते सांगत नाही.

श्रावणात तर कहरच केला. डोंगरातून कळलावीचा वेल उपटून आणला, लालपिवळ्या फुलांसकट, आणि त्याचा कंद माझ्या टेबलावर ठेवला. "याच्यात एक विष आहे, सामंत. ते तंतूतले रस्ते मोडतं. मग बस बंद!" एवढं बोलून स्वारी तासाला गेली. कंद तिथंच. त्याच टेबलावर आमच्या सहशिक्षिका जोशीबाईंनी उपासासाठी घेतलेली रताळी ठेवली होती. मी वह्या तपासून मान वर केली तेव्हा टेबल स्वच्छ होतं आणि बाई पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडल्या होत्या. मी धोतर सावरत स्टेशनच्या रस्त्यापर्यंत पळालो. बाईंच्या पिशवीतून रताळ्यांत मिसळलेला तो कंद काढून घेतला. परत येऊन मी भोईर सरांना तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण तुमची बस वेळेवर पोचली ना?"

अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मी मात्र रीतसर रागावत असे.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ते भातकापणीला गावी गेले. सुट्टी संपली तरी परत आले नाहीत. मी चौकशीला खालापुराकडे गेलो, तर हरीभाऊ ओट्यावर डोकं धरून बसले होते.

"काय सांगू गुरुजी, ह्याला कापनी करताना बी शिकवायचं व्हतं. तुझी कापनीची पात वाकडी चाललीय म्हनला, न् दाखवाया हात फुडं घातला. माझा इळा चालूच व्हता. मी भाऊ असून माझ्या हातून ह्यो परकार जाला."

कोपर आणि मनगटाच्या मधोमध, आतल्या बाजूला. डावा हात. मुंबईच्या एका इस्पितळात तुटलेलं शिवलं होतं. "नस शिवली म्हणे," मी भेटल्यावर म्हटलं. हात गळ्यात, चेहरा पांढराफटक, आणि हे म्हणतात, "नस नव्हे, मज्जातंतू. मराठी शिकवता ना?"

करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग मेला होता. सुई टोचा, चिमटा काढा, काही नाही. पकडही गेली. खडू धरला की निसटायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शिवलेल्या जागेपासून तंतूला नवा कोंब फुटतो आणि तो हळूहळू बोटाकडे वाढतो. आठवड्याला एका तांदळाच्या दाण्याएवढा. पण तो पोचेलच असं नाही. वाट चुकेल, मध्येच अडेल, किंवा ज्या पेशीला कित्येक महिने चिंधी मिळाली नाही ती तोवर जगलेलीच नसेल.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हते. त्यांनी दीड वर्षाची मुदत दिली. तोवर प्रात्यक्षिकं नव्या शिक्षकानं घ्यावीत आणि भोईर सरांनी उजव्या हाताला वळण लावावं. सगळ्यांनी हेच सांगितलं. हरीभाऊंनी तर पाटी-पेन्सिल आणून दिली. भोईर सरांनी उजवा हात पाटीला लावला नाही. फळ्यावर चित्र काढायचं तर कुणातरी मुलाला उभं करून "वर, अजून वर, अरे तो बेडूक आहे, भोपळा नाही" असं ओरडत राहायचे. पुढचा तास माझाच. भोपळ्याच्या कडेनं मी व्याकरण लिहायचो.

आणि दर सोमवारी माझी पाळी. बाही वर करून हात माझ्यापुढं टेबलावर ठेवायचे. कोंब वाढत जिथवर पोचला असेल तिथं वरून ठोकलं की मुंग्या येतात. ती जागा शोधून शाईनं खूण करायची.

"तुमचं तुम्ही ठोका की."

"मी बघत असलो की माझं मन खोटं बोलतं. तुम्ही ठोका. मी डोळे मिटतो."

मग मी ठोकायचो. दंडगोलासारखा तो हात, त्यावर जुन्या खुणांची निळी रांग. "इथं?" "नाही." "इथं?" "नाही. थांबा. हं!" बाजूला जोशीबाई डबा खातायत, शिपाई पाण्याचा माठ भरतोय, आणि मी एका सहकाऱ्याचा हात बडवतोय. चहा दर सोमवारी गार व्हायचा.

खूण पावसाळ्यापर्यंत मनगटाला आली. तिथून तळहातावर सरकली. करंगळीच्या मुळाशी आली आणि अडली. पुढचा सोमवार तिथंच. त्याच्या पुढचाही तिथंच. दसरा गेला, दिवाळी गेली, खूण हलेना.

थंडीतल्या एका सकाळी आम्ही चहासाठी स्टोव्हभोवती उभे होतो. भोईर सर काहीतरी समजावत होते आणि मला जळका वास आला. बघतो तर त्यांची करंगळी किटलीला टेकलेली. कातडी पांढरी पडलेली, आणि हा माणूस बोलतोय.

"हात काढा!" मी ओरडलो आणि त्यांचा दंड धरून ओढला. त्यांनी बोटाकडे पाहिलं. कुणा दुसऱ्याचं असावं तसं.

त्या दिवशी मात्र माझा तोल गेला. मलम लावता लावता मी त्यांना वाट्टेल ते बोललो. किती दिवस चालवायचं हे? साऱ्या शाळेनं किती सांभाळायचं? जगात माणसं उजव्या हातानं लिहितात, उपाशी मरत नाहीत. हट्ट सोडा आणि पाटी घ्या. एवढं शास्त्र शिकलात, साधा व्यवहार कळत नाही?

त्यांनी हात माझ्या हातातून सोडवून घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "उजव्याला शिकवलं ना, तर डाव्याचं काम संपेल. मग बोटाला तरी तो कोंब कशाला हवा असेल? चिंधी कोण बांधेल?"

"हे तुमच्या पुस्तकात आहे?"

"नाही," ते म्हणाले. "हे शास्त्र नाही, सामंत. ही भीती आहे."

त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच मला प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं होतं. मला ते अजिबात आवडलं नाही. त्यानंतर ते सोमवारी हात पुढं करेनासे झाले. "चिंधी आली का?" हेही बंद. बशीत चहा ओतून खिडकीबाहेर बघत बसायचे. पाच वर्षं मी ज्या शांततेसाठी तळमळत होतो ती मिळाली आणि मला तिचा भयंकर वैताग आला. शेवटी एका सोमवारी मीच त्यांचा हात ओढून टेबलावर घेतला आणि ठोकू लागलो. खूण होती तिथंच होती. तरी पुढचे सगळे सोमवार मी ठोकत राहिलो. ते नको म्हणाले नाहीत.

मे महिन्यात माझी बदली झाली, अलिबागच्या बाजूला. पुढच्याच महिन्यात हेडमास्तरांनी दिलेली मुदत संपत होती. प्रात्यक्षिकं भोईर सरांना परत मिळाली का, असं लोक विचारतात म्हणून आधीच सांगतो. नाही मिळाली. पुढं एका शिक्षक संमेलनात जोशीबाई भेटल्या तेव्हा कळलं. फळा मात्र त्यांनी परत घेतला, डाव्याच हातानं. रेघा थोड्या वाकड्या जायच्या, पण बेडूक बेडकासारखा दिसायचा.

निघायच्या दिवशी ते मला एसटी स्टँडवर पोचवायला आले. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. मी खिडकीशी बसलो, ते खाली उभे. आणि इतके दिवस गप्प असलेल्या या माणसाला नेमकं तेव्हाच बोलायचं होतं. तिकडच्या शाळेत खिडकीजवळची खुर्ची रिकामी असेल तर घेऊ नका. कपाटाला वाळवी असेल, बघून घ्या. पोचलात की कळवा, कंडक्टरकडे निरोप दिलात तरी चालेल, तो परतीच्या गाडीनं इकडंच येतो. कंडक्टर दोनदा घंटी मारून मोकळा झाला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

"अहो, सोडा आता. गाडी निघाली," मी म्हणालो.

"अजून एक," असं म्हणत त्यांनी डावा हात खिडकीखालच्या पत्र्यावर टेकला.

सकाळपासून उन्हात उभी असलेली गाडी. तो पत्रा तव्यासारखा तापला होता. मी ओरडणार तेवढ्यात त्यांनीच झटक्यानं हात मागं घेतला. "आई गं!" म्हणाले आणि बोट तोंडात घातलं. मग बोट तोंडातून काढून माझ्याकडे बघत राहिले. कुणी ठोकत नव्हतं. त्यांचं लक्षही नव्हतं.

"भाजलं," ते म्हणाले.

गाडी हलली. ते शेजारून चालू लागले, मग पळू लागले.

"सामंत, टेकली करंगळी आणि चटका बसला अनामिकेत! घर चुकलंय हो! पण आलंय!"

"बाजूला व्हा, चाकाखाली जाल!" मी खिडकीतून ओरडलो. सगळी एसटी माझ्याकडे बघत होती. कंडक्टरनं विचारलं, "काय झालं वो त्यांना?"

"भाजलं," मी म्हणालो.

मागं स्टँडच्या धुरळ्यात ते उभे राहिले होते, डावा हात डोक्याच्या वर धरून. ती करंगळी ते फुंकत नव्हते, झटकत नव्हते. चांगली आग होऊ देत होते.